नाना, तुमच्यासाठी एक विशेषण

नाना, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला म्हणे. तुमचा वसंता घाटावरून आला आणि अंगणात पाय धुता धुता सगळ्यांना सांगत सुटला, "पान ठेवला न् ठेवला, दोन कावले आले! नानांची काय पण इच्छा नाय रायली." बायका म्हणाल्या, भाग्यवान हो माणूस. मी ओट्यावर बसून ऐकत होते. तुमची नसेल राहिली, माझी राहिलीय. आपलं भांडण अर्ध्यावर होतं आणि तुम्ही खुशाल उठून चालते झालात. हे काही बरं केलं नाहीत.

आणि वर हे पत्र. तुम्ही गेल्याचं संस्थेच्या स्पेनमधल्या सगळ्या देणगीदारांना कळवायचं म्हणून ऑफिसातल्या नव्या साहेबांनी इंग्रजीत एक पान खरडलंय. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं सगळं. निष्ठावान काय, सेवाभावी काय. त्याचं स्पॅनिश मी करायचं, दुसरं करणार कोण? अख्ख्या शहापुरात स्पॅनिश येणारी माणसं दोन होती, त्यातलं एक तुम्ही. वाचत वाचत शेवटच्या ओळीला आले आणि माझे हात थांबले. साहेबांनी लिहिलं होतं, ही वॉज अ क्वाएट मॅन.

क्वाएट! सगळी डिक्शनरी सोडून माणसाला तोच शब्द सापडावा? साहेबांचा दोष नाही म्हणा. हा शब्द आपल्या दोघांत किती वर्षं सुऱ्यासारखा पडलाय, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

पत्र आज सकाळी गेलं. तुमच्यासाठी मी कोणता शब्द घातला, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. पण आधी पहिल्यापासून सगळं ऐकून घ्या. आता तुम्हाला सायकल काढून पळता येणार नाही.

मी ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला. मुरबाडवरून दोन एसट्या बदलून शहापूर गाठलं ते यमीसाठी. माझी धाकटी बहीण संस्थेच्या वसतिगृहात दुसरीत होती, तिच्याजवळ राहता येईल म्हणून. मागच्या खोलीत तुमचं टेबल. सापगावहून सायकलवर यायचात, पँटीला क्लिप लावून, आणि ती क्लिप दिवसभर काढायला विसरायचात. मी विचारलं, नाना, स्पॅनिश कुठून शिकलात? तर म्हणालात, "जीपमदून." स्पेनहून आलेल्या मोठ्या सिस्टर दवाखाना चालवायच्या तेव्हा तुम्ही त्यांचे ड्रायव्हर होतात. पाड्यांवर जाता-येता त्या शिकवायच्या आणि तुम्ही गिअर टाकता टाकता पाठ करायचात. म्हाताऱ्या होऊन त्या मायदेशी परत गेल्या, तेव्हा तुम्हाला एक जाडजूड शब्दकोश देऊन गेल्या, आणि स्वतःची दगडी पाटी.

काम सोपं होतं, असं मला वाटलं होतं. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीमागे स्पेनमध्ये एक पालक. वर्षातून एकदा साहेब मुलीबद्दल इंग्रजीत चार ओळी लिहिणार, तुम्ही त्याचं स्पॅनिश करणार, मी टाइप करणार. साहेबांकडे शब्द मोजून आठ-दहा. नाइस, गुड, वीक, ओल्ड, क्वाएट. त्यातच सगळ्या पोरी कोंबायच्या. तुम्ही वैतागायचात. म्हणायचात, "इंग्रजी म्हंजे ओसरी हाय गो, कोणी पण येतो न् बसतो. स्पॅनिशमदे पंगत. ज्याचा पाट त्यालाच." साध्या 'ओल्ड'वरून तुम्ही माझी अर्धी सकाळ खाल्ली होतीत. आपली विहीर जुनी, ती अन्तिग्वो. जीप खटारा, ती व्येहो. "न् गुरुजींना व्येहो लिवलास तर बसल थोबाडीत. त्यांना मायोर म्हणायचा, वडीलमाणूस." मी हसून हसून टाइपरायटरवर पडले होते.

खोटं कशाला बोलू, नाना, तसा मास्तर मला शाळेत भेटला नाही. तुमचा नियम होता, माणूस बघितल्याशिवाय त्याचा शब्द लिहायचा नाही. 'नाइस' आला की सायकल काढून वसतिगृहावर जायचात, त्या पोरीशी पाच मिनिटं बोलायचात आणि परत येऊन सांगायचात, "आमाब्ले म्हंजे मायालू, ती नाय. सिम्पातिका. हसवते मेली." मी आज जो घास खाते तो तुम्ही शिकवलेल्या विद्येवर. हे मी कबूल करते, आणि म्हणूनच जास्त संताप होतो.

आणि दोन शब्दांत अडलात की तुम्ही जे करायचात, ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल. तुम्ही देवीला कौल लावायचात. सापगावात बैल घ्यायचा, सोयरीक जुळवायची, तर लोक गावदेवीला विचारतात, ते ठीक. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ चिकटवायचे, उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. तुम्ही विशेषणं विचारायचात! मी म्हटलं, अहो, देवीला मेलं स्पॅनिश येतं का? तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "तिला सगल्या भाषा येतात. तिला कोणी शालेत घातली नाय म्हणून."

तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. आग लागो त्या गोडव्याला.

यमी चौथीत गेली आणि तिच्या पत्रात साहेबांनी लिहिलं, शी इज अ क्वाएट गर्ल. तुम्ही पेन्सिलीनं शेजारी दोन शब्द लिहिलेत. त्रांकिला आणि कय्यादा. त्रांकिला म्हणजे शांत, निवांत, कसली चिंता नाही अशी. कय्यादा म्हणजे गप्प. मी ताडकन म्हटलं, "कय्यादा लिहा. नाना, ही शांत नाही हो, गप्प झालीय. गावी ही पोर बडबडून कोंबड्यांना हैराण करायची. आता हाक मारली तरी बघत नाही." तिचे कान वाहत होते, तेही मी बोलले. वसतिगृहाच्या बाई म्हणायच्या, पोरं तळ्यात डुंबतात, होतंच तसं. आई लसणीचं तेल घालून पाठवायची. मला वाटायचं, घराची आठवण येते म्हणून मिटलीय. मला तरी कुठे अक्कल होती.

तुम्ही बराच वेळ पेन्सिल चावलीत. मग म्हणालात, "असा शब्द गेला की तिकडून सवाल येतो गो." आणि ते खरं होतं. यमीच्या पालक कार्मेनबाई. त्या एक शब्द सोडायच्या नाहीत. आदल्या वर्षी त्यांच्या दुसऱ्या एका मुलीच्या पत्रात तुम्ही 'वीक'साठी देबिल घातलंत, अशक्त. तर महिन्याभरात बाईंचं पत्र हजर, अशक्त का? रक्त तपासलं का? कोणत्या डॉक्टरनं? साहेब तुमच्यावर केवढे उखडले होते. पण त्या पोरीचं रक्त तपासलं गेलं, औषध मिळालं, ती टुणटुणीत झाली. एका शब्दावर, नाना. तुमच्याच.

मी हट्टच सोडेना तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरा. देवीला विचारू. उजवा पडला तर तुजा शब्द, डावा पडला तर माजा." दुसऱ्या दिवशी सायकल भिंतीला लावत मला न बघताच म्हणालात, "डावा पडला. त्रांकिला." मी मुकाट्यानं टाइप केलं. या बोटांनी. पुढच्या वर्षी साहेबांनी जुन्याच पत्राची नक्कल दिली, तेव्हाही केलं.

दुसऱ्या पत्रानंतर कार्मेनबाईंकडून यमीला खाऊचा डबा आला आणि त्यात एक छोटी चावीची पेटी. चावी दिली की गाणं वाजायचं. बाईंनी लिहिलं होतं, माझ्या शांत मुलीला, निवांतपणी ऐकायला. यमीनं चावी दिली, पेटी कानाला लावली, दुसऱ्या कानाला लावली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "ताई, ही मोडकी आलीय." पेटी वाजत होती, नाना. माझ्या तळहातावर टिणटिण टिणटिण वाजत होती. तुम्ही समोर बसला होतात. तुम्हीही ऐकलंत.

कल्याणच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि आधी माझ्यावरच ओरडले. पडदे गेलेत, मागचं हाड किडलंय, इतके दिवस काय झोपा काढत होता? दीड-दोन वर्षांपूर्वी आणली असती तर एक कान तरी हाती लागला असता. परत येताना यमी खिडकीला नाक लावून बाहेर बघत होती आणि मी मनात एकच जुळवत होते. दीड-दोन वर्षांपूर्वी म्हणजे त्रांकिलाचं पहिलं पत्र.

तुमच्याकडे आले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "मी काय करू गो? देवीनी कौल दिला." झालं. त्या एका वाक्याला तुम्ही पुढे सगळा जन्म टेकून बसलात. देवीशी कोण भांडणार? तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

मग तुमचे रविवार सुरू झाले. दर रविवारी सायकल आमच्या दारात. कधी करवंदं, कधी रानातली शेवळं, कधी भातसा नदीचे ताजे मासे. आणि सिस्टरांची ती पाटी. तुम्ही लिहायचात, यमी वाचायची. यमी बोलायची, तुम्ही परत लिहायचात. ऐकू येत नाही म्हणून शाळा सुटलेली पोर तुमच्या पाटीवर सातवी झाली, दहावी झाली, बाहेरून बसून. शिवणाचा क्लास तुम्ही शोधलात, मशीन तुम्ही आणलंत. स्वतःच्या कानाला कळत नाही म्हणून केवढ्यांदा ती तुमच्याशी हसायची. मी आतून भांडी आपटायचे. अपराधी माणसावर माझ्या बहिणीनं एवढा जीव लावावा, हे मला सोसत नव्हतं.

वर्षं गेली. टाइपरायटर जाऊन कम्प्युटर आला, पत्रं ईमेलनं जायला लागली, तुमचं टेबल माझं झालं. पण मी काही सोडलं नाही. दर काही महिन्यांनी धरायचेच, "नाना, देवीशपथ सांगा, डावाच पडला होता?" तुम्ही चिडायचात. "पडला म्हणून सांगितला ना! एकच किती वेला दलशील?" शेवटचं विचारलं ते तुम्ही खाटेवर होतात तेव्हा. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं, थकलेत. मी पांघरूण नीट केलं आणि आले. एवढी मी भोळी.

दहाव्याला तुमच्या अंगणात गुरवीणमावशी माझ्याशेजारी टेकल्या. देवीची पूजा-अर्चा त्यांच्याकडे, तुम्ही कौल लावायचात तेव्हा तांदूळ भिजवून द्यायच्या. यमीकडे बघून हळहळल्या आणि म्हणाल्या, "हिच्यासाठी तीनदा लावला व्हता त्यानी."

मी म्हटलं, "काय तीनदा?"

"कौल गो. दुसरा काय? पैला उजवा पडला. म्हणाला, वाऱ्यानी पडला. परत लावला, परत उजवा. मग तिसऱ्यांदा उजव्या दाण्यावर असा अंगठा दाबून धरला. डावा पडला तवाच काढला." मावशींनी स्वतःच्या खांद्यावर अंगठा दाबून दाखवला. "देवीच्या अंगाला असा अंगठा लावताना मी कोणाला बघितला नाय. बोलले मी त्याला. तर म्हणतो, मावशे, साहेब चिडल, वरून चौकशी लागल, वसतिगृह बंद पडल, चालीस पोरी हायेत."

"मग मला इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलास कधी?"

तुम्हाला मी शंभर वेळा विचारलं होतं. गुरविणीला नाही.

आणि तुमचं ते कारण! चाळीस पोरींसाठी एका पोरीचे कान. बरं, चाळीस पोरींची एवढी काळजी होती, तर पत्रात त्रांकिला लिहून मला कानात सांगायचं होतंत, "आगो, पोरीला डॉक्टरकडे ने, मला लक्षण बरं दिसत नाय." मी तिला पाठुंगळी घेऊन चालत कल्याणला गेले असते. पण नाही. साहेबांना घाबरलात ते घाबरलात, आणि माझ्यासमोर देवीला पुढे केलंत. तुम्हाला माहीत होतं. दोनदा माहीत झालं होतं.

त्या दिवशी तुमच्या घरातून न जेवता उठले. वसंताला वाटलं, मला फार दुःख झालंय. झालंच होतं हो. पण हातही शिवशिवत होते.

आणि दुसऱ्याच दिवशी हे पत्र टेबलावर. तुमच्या मोठ्या सिस्टरांचा देव का आपली देवी, कुणी पाठवलं कोण जाणे. क्वाएट मॅन. मी कागद घेतला आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे शब्दांची पंगत मांडली. सेरेनो लिहिलं असतं तर तुम्ही वर बसून मिशीला पीळ दिला असता, संतासारखा स्थिर माणूस. रेसेर्वादो, भिडस्त, तेही पचलं असतं तुम्हाला. त्रांकिलो, म्हणजे पुरुषाचं त्रांकिला, तर फारच छान, कुणी काही विचारलंच नसतं. आणि मग कय्यादो. गप्प. जो गप्प राहिला तो. कार्मेनबाई अजून आहेत, नाना. थकल्यात, अक्षर कापतं, पण शब्द सोडत नाहीत. त्या नक्की विचारणार, नाना गप्प का होते? कशाबद्दल? आणि मग मी त्यांना सगळं लिहिणार. तांदळासकट, अंगठ्यासकट. तुमच्याच शिकवणीनं शिकलेल्या चांगल्या स्पॅनिशमध्ये. ज्या प्रश्नाला तुम्ही जन्मभर घाबरलात, तोच तुमच्या नावावर आणणार.

इतकं ठरलं होतं. पण तुमचा नियम आडवा आला. माणूस बघितल्याशिवाय शब्द लिहायचा नाही. तुम्हाला कुठून बघणार? तुम्हाला ओळखणारं माणूस घरात होतं, आणि ज्याचं नुकसान झालं तेही तेच.

काल संध्याकाळी यमी मशीनवर परकराला नेफा घालत होती. मी तिच्यापुढे पाटी धरली आणि गुरवीणमावशी जे बोलल्या ते सगळं लिहिलं. दोनदा पाटी भरली. तिनं वाचलं. मग फडक्यानं पाटी पुसली आणि दोरा ओवायला घेतला.

मी पाटीवर दोन शब्द लिहिले. शांत. गप्प. वर लिहिलं, नाना कसे होते? तुझं मत. एकावर बोट ठेव.

तिनं 'शांत'वर बोट ठेवलं.

मी म्हटलं, हिला नीट कळलं नाही. पाटी पुसली, पुन्हा लिहिलं, आणि खाली जोडलं, त्यांना माहीत होतं, यमे. दोनदा उजवा पडला होता. तिनं मान हलवली, कळलंय म्हणून, आणि पुन्हा 'शांत'वर बोट ठेवलं. तिच्याजवळ बसून दर रविवारी तुम्ही शांतच असायचात, त्याला ती तरी काय करणार.

मी तिसऱ्यांदा पाटी पुढे केली. या वेळी पाटी मी डाव्या हातानं खालून धरली होती आणि माझा अंगठा 'शांत'वर होता. पुरता. तिला एकच शब्द दिसत होता.

यमीनं पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ती शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलते.

"ताई, अंगठा काढ."

मी काढला नाही. सकाळी कय्यादो लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं. तुम्ही तरी कुठे काढला होतात, नाना?